पत्र्याच्या कमाडोचा काटा खाली का येत नाही, आणि पावसाळ्यात तो आतून का सडतो

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भावाने अमेरिकेहून परत येताना घरसामानाबरोबर आणलेला दुहेरी पत्र्याचा कमाडो, म्हणजे अंड्याच्या आकाराची, झाकणाची कोळशाची शेगडी, आता पुण्यात तुमच्या बाणेरच्या टेरेसवर आहे. ११०-१२० अंश सेल्सिअसवर मटण सावकाश करायचं ठरवलं तरी झाकणावरच्या थर्मामीटरचा काटा १८० च्या खाली येत नाही. पावसाळ्यानंतर झाकण उघडलं तर आत बुरशी, तळाला गंज, आणि झाकणाच्या आतून काळे पापुद्रे जेवणावर पडतात. तेव्हा हा भंगारात देऊन सिरॅमिकचा घ्यावा का?

देऊ नका. मी भोसरीत पत्र्याचं काम करतो आणि गच्चीवर असाच एक कमाडो बरीच वर्षं वापरतोय. शिवाय ओळखीतल्यांचे दुरुस्तीला येतात ते वेगळेच. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. पेटलेला असताना त्यात नको तिथून हवा शिरते आणि विझवून ठेवल्यावर हवी तेवढी खेळत नाही. पत्र्याच्या कमाडोची निगा म्हणजे या दोन गोष्टी सांभाळणं. बाहेरून पुसून चकचकीत ठेवण्याने फार काही साधत नाही.

सिरॅमिकचे कमाडो जपानी चुलींवरून आले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी त्या मायदेशी नेल्या आणि अटलांटात १९७४ साली सुरू झालेल्या बिग ग्रीन एगने तो आकार घरोघरी पोचवला. पत्र्याचे खूप नंतर आले. आकार तोच, पण वागणूक वेगळी. सिरॅमिकची जाड भिंत स्वतः भरपूर उष्णता धरून ठेवते. पत्रा जवळजवळ काहीच धरत नाही. दोन पत्र्यांमधली हवा किंवा इन्सुलेशन उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. म्हणून पत्र्याचा कमाडो लवकर तापतो, झाकण उघडलं की लवकर उतरतो, आणि मुख्य म्हणजे त्याला फार थोडा विस्तव पुरतो. १२० अंश टिकवायला मूठभर निखारे बास होतात. एवढ्याशा निखाऱ्यांना हवाही चिमूटभरच लागते. आता खालची झडप तुम्ही पूर्ण बंद केली, पण राखेच्या ट्रेच्या कडेला दोन मिलिमीटरची फट आहे असं समजा. त्या फटीतून येणारी हवा १८० अंशांचा विस्तव आरामात पोसते. झडप तुम्ही कितीही फिरवा, हवेचा खरा रस्ता दुसरीकडेच आहे.

तेव्हा आधी फट शोधा. रात्री टेरेसवरचा दिवा घालवा, कमाडोत मोबाइलचा टॉर्च चालू करून ठेवा, दोन्ही झडपा आणि झाकण बंद करा आणि चारही बाजूंनी वाकून बघा. जिथून उजेड दिसतो तिथून हवा येते. दुसरी खूण झाकणाची. वर्तमानपत्राची पट्टी कडेवर ठेवून झाकण लावा आणि ओढा. पट्टी अडकली पाहिजे. सहज सरकत असेल तर त्या जागी गास्केट, म्हणजे कडेची फट बुजवणारी पट्टी, दबून गेलंय. झाकणाच्या कडेला बाहेरचा रंग करपून तपकिरी झाला असेल तर तेही त्याच जागी झालेलं असतं, कारण गरम हवा तिथूनच बाहेर पडते.

बहुतेक पत्र्याच्या कमाडोंत मुख्य चोर राखेचा ट्रे असतो. तो खालून चापांनी अडकवलेला असतो, दर वेळी काढायचा-घालायचा, आणि कधीतरी फरशीवर आपटून त्याची गोल कड वाकते. सपाट फरशीवर उपडा ठेवून बघा, डुगडुगला तर कड वाकली आहे. आतून लाकडी ठोकळा लावून रबरी हातोडीने हळूहळू ठोका. लोखंडी हातोडी लावू नका, इनॅमल, म्हणजे पत्र्यावरचा काचेसारखा लेप, तडकेल. मग कडेला ग्लास फायबरची चपटी पट्टी चिकटवा. बोहरी आळीत बॉयलरच्या दाराची, भट्टीची गास्केटं ठेवणारी दुकानं आहेत, तिथे मागितलं तर मीटरवर मिळते. चिकटवायला जास्त तापमानाचं आरटीव्ही सिलिकॉन चालतं, पण ते साधारण ३०० अंशांपर्यंतच टिकतं, त्यामुळे राखेच्या ट्रेला आणि झाकणाच्या कडेला लावा, निखाऱ्यांच्या जवळ नको. लावल्यावर एक दिवस सुकू द्या. आणि ॲस्बेस्टॉसची दोरी कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका.

झाकण नीट बसत नसेल तर गास्केट बदलण्याआधी बिजागरीचे बोल्ट सैल करा, झाकण बंद करून त्याला आपोआप बसू द्या, आणि तसंच दाबून धरून बोल्ट परत आवळा. निम्म्या वेळा एवढ्यानेच काम होतं. वरच्या झडपेत डांबरासारखी चिकट काजळी साचते आणि झडप अर्धवट अडकते. ती गरम असताना, हातमोजा घालून, जाड कापडाने पुसली की निघते. थंड झाल्यावर खरवडत बसावं लागतं.

काट्याबद्दल एक. झाकणावरचं थर्मामीटर खरं बोलतं का ते आधी तपासा. ते काढून त्याची सळई खळखळ उकळत्या पाण्यात धरा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, १०० ला नाही. काटा ९८ च्या जवळ असेल तर ठीक. ८५ दाखवत असेल तर बऱ्याच थर्मामीटरना मागे छोटा नट असतो, तो फिरवून काटा जागेवर आणता येतो. शिवाय झाकणातलं तापमान आणि जाळीवरचं तापमान यात सुरुवातीच्या तासाभरात बराच फरक असतो. लांब शिजवायचं असेल तर वायरचं प्रोब असलेलं डिजिटल थर्मामीटर घ्या आणि प्रोब जाळीवर ठेवा.

आता पेटवणं. फट बुजवली तरी विस्तव चुकीचा पेटवला तर काटा पळणारच. कमी आचेला सगळा कोळसा एकदम पेटवायचा नाही. मोठे तुकडे तळाला, मधले वर, मध्ये वाटीएवढा खळगा. त्या खळग्यात तेलात भिजवलेल्या दोन जाड वाती ठेवून पेटवा. देवघरातल्याच चालतात. रॉकेल, पेट्रोल काही नको, त्याचा वास मांसाला लागतो आणि जात नाही. मधले तीन-चार तुकडे लाल झाले की डिफ्लेक्टर (निखाऱ्यांची थेट आच अडवणारी तबकडी) आणि जाळी ठेवा, झाकण लावा. काटा ९० वर आला की झडपा आवळायला लागा. ठरवलेल्या तापमानावर पोचल्यावर आवळायला गेलात तर उशीर झालेला असतो. इन्सुलेशनमुळे चढलेलं तापमान उतरायला तासभरही लागतो. खालची झडप सुईएवढी, वरची नखाएवढी उघडी, आणि प्रत्येक बदलानंतर दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. दर दोन मिनिटांनी झडप फिरवणाऱ्याचा काटा दिवसभर वर-खाली नाचत राहतो.

डिफ्लेक्टर हरवला असेल तर बिडाचा जाड तवा उपडा टाकून काम भागतं, फक्त कडेने हवा वर जायला जागा राहिली पाहिजे. त्यावर पसरट ताटली ठेवा आणि ताटलीखाली ॲल्युमिनियम फॉइलचे तीन गोळे, म्हणजे गळलेली चरबी थेट तापल्या तव्यावर जळणार नाही. तुमच्याकडे जो करपट, कडवट वास येतो म्हणता, तो बहुधा या जळणाऱ्या चरबीचा आहे.

कोळशाचं इथे जरा लांबवतो, कारण पुण्यात अर्ध्या अडचणी त्यातूनच येतात. आयात ब्रिकेट्स, म्हणजे कोळशाच्या दाबून केलेल्या विटा, लागतीलच असं नाही. आपला लोणारी कोळसा, विशेषतः बाभळीचा, चांगला तापतो आणि बराच वेळ टिकतो. तुमच्या गल्लीतला इस्त्रीवाला कुठून घेतो ते विचारा, तो वखारीचा पत्ता देईल. घेताना दोन तुकडे एकमेकांवर आपटा. खणखणीत आवाज आला तर पक्का. बद्द आवाज आला, किंवा तोडल्यावर आत तपकिरी लाकूड दिसलं, तर कच्चा, तो धूर करतो आणि चव बिघडवतो. पोत्याच्या तळाशी चुरा असतोच. तो वाळूच्या चाळणीतून चाळून वेगळा करा, कारण चुरा खालच्या जाळीत अडकून हवा बंद करतो आणि मग विस्तव मध्येच मरतो. जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो कोळसा विकत घेऊ नका. ओला कोळसा वजनाला जास्त भरतो, पेटताना तडतडतो आणि ठिणग्या उडवतो. उन्हाळ्यातच पोतं घेऊन घरात कोरडं ठेवा. करवंटीच्या कोळशाच्या विटा लांब शिजवायला उत्तम, आच एकसारखी, पण राख जास्त, त्यामुळे लांबच्या शिजवणीआधी ट्रे रिकामा हवा. दगडी कोळसा मात्र कधीही नाही.

धुरासाठी पेरू, चिंच, जांभूळ, बाभूळ. यातलं मला पेरूचं सगळ्यात आवडतं, धूर गोडसर आणि मवाळ येतो. गावाकडे कोणाची बाग असेल तर छाटणीनंतरच्या मनगटाएवढ्या फांद्या मागून आणा आणि सहा महिने सावलीत वाळवा. मुठीएवढे दोन-तीन तुकडे पुरतात. ते पाण्यात भिजवायची गरज नाही. पाणी लाकडात फार शिरत नाही, आधी नुसती वाफ होते आणि मग लाकूड जळायचं तसंच जळतं. पॅकिंगच्या पेट्या, प्लायवूड, रंगवलेलं फर्निचर, देवदार-चीड, आणि कण्हेर यांतलं काहीही आत टाकू नका. कण्हेर विषारी आहे. मांस ठेवण्याआधी दाट पांढरा धूर संपून पातळ, जेमतेम दिसणारा निळसर धूर येईपर्यंत थांबा. त्या पंधरा-वीस मिनिटांच्या घाईने अख्खा दिवस वाया जातो.

तुम्ही बोकडाच्या मांडीबद्दल विचारलंय. आपल्याकडची मांडी लहान आणि कमी चरबीची. परदेशी पाककृतींतल्या वेळा मोठ्या, चरबीदार तुकड्यांसाठी असतात, त्या जशाच्या तशा लावल्या तर हाती सुकट येईल. १२० अंशांवर तीनेक तास उघडी धुरात ठेवा, मग थोडं दही आणि तूप घालून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा आणि आतलं तापमान ९० ते ९५ होईपर्यंत परत ठेवा. मध्ये ६५-७० च्या आसपास काटा तासभर हलत नाही. पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन मांस थंड ठेवत असतं म्हणून ते होतं. विस्तव वाढवायला जाऊ नका. चिकनचं उलटं आहे. ते ७४ अंशांना तयार होतं, आणि सालीसकट घेतलं असेल तर १६० च्या वरच करा, नाहीतर साल रबरासारखी राहते.

आता गंज. याला मी दरवर्षीचं पंचांग जबाबदार धरतो. पुण्यात बहुतेकांकडे कमाडो गटारीला पेटतो आणि मग थेट गणपती उठल्यावर उघडतो. श्रावणभर, वर्षातल्या सगळ्यात दमट दिवसांत, तो चरबी आणि राखेसकट झाकून बंद असतो. राख हवेतली ओल ओढते, ओली राख क्षारयुक्त होते आणि जिथे इनॅमल उडालंय तिथला पत्रा खाते. चरबीवर बुरशी धरते. वर घट्ट प्लास्टिकचं कव्हर असलं तर आतली ओल आतच कोंडते. तुमचा तळ गंजला तो पाऊस पडला म्हणून नाही, राख काढली नव्हती म्हणून.

तेव्हा गटारी झाल्यावर दुसऱ्या दिवशी, आणि नाहीच जमलं तर त्याच आठवड्यात, हे करा. उरलेला कोळसा काढून घ्या. राखेचा ट्रे आणि तळ ब्रशने पूर्ण मोकळा करा. मग थोडा नवा कोळसा पेटवून रिकामा कमाडो अर्धा तास २५० अंशांवर चालवा, चरबी जळून कोरडी होईल. थंड झाल्यावर घासा, ती राखही काढा. बिडाच्या जाळीला तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, जवसाचं असेल तर उत्तम, आणि जाळी वर्तमानपत्रात गुंडाळून घरात ठेवा. दोन्ही झडपा थोड्या उघड्या ठेवून कमाडो छपराखाली हलवा. कव्हर घालायचं तर खालून हवा जाईल असं सैल. आणि उघडीप मिळाली की तीनेक आठवड्यांतून एकदा पेटवाच. श्रावणात मांस नको असेल तर मक्याची कणसं आहेत, उपासाला रताळी आहेत. रताळं मंद आचेवर सालीसकट तासभर ठेवलं तर कुकरमधल्या रताळ्याकडे परत कोणी बघत नाही.

झाकणाच्या आतले काळे पापुद्रे रंगाचे नाहीत. आतून इनॅमल असतं आणि ते असं पापुद्र्यांनी सुटत नाही. ती जळलेली चरबी आणि काजळी आहे. फॉइलचा गोळा करून घासा, सैल असेल तेवढं पडेल, घट्ट बसलेलं राहू द्या. तारेचा ब्रश वापरलात तर नंतर ओल्या कापडाने पुसून एखादी तार राहिली नाही ना ते बघा. साबण, ॲसिड काही नको. आणि तापलेल्या कमाडोवर पाणी कधीही मारू नका, इनॅमलचे टवके उडतात.

आतल्या बाजूला इनॅमल उडून गंज आला असेल तर घासून तेल लावा आणि तापवा, रंग लावू नका. बाहेरचा गंज वेगळा. पॉलिश पेपरने चांगला पत्रा दिसेपर्यंत घासा, गंज मारणारं फॉस्फोरिक ॲसिडचं लिक्विड लावून पुसा, आणि मोटरसायकलच्या सायलेन्सरला मारतात तो उष्णतारोधक रंग दोन पातळ हातांत मारा. नेहमीचा ऑइल पेंट किंवा रेडऑक्साइड इथे करपून सुटतो. तळाला आरपार भोक असेल तर १.६ मिलिमीटरच्या स्टेनलेस पत्र्याचं ठिगळ बोल्टने लावा, मध्ये तीच ग्लास फायबरची पट्टी. वेल्डिंग केलं तर आजूबाजूचं इनॅमल जळतं आणि सहा महिन्यांत बाजूला नवा गंज दिसतो. खालची कोळशाची जाळी झिजली असेल तर ८ मिलिमीटरच्या साध्या लोखंडी सळईची कोणताही फॅब्रिकेटर करून देईल. जीआयची, म्हणजे जस्त चढवलेली जाळी मात्र घालू नका. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, निखाऱ्यांपाशी त्याहून कितीतरी जास्त तापमान असतं, आणि त्याचा धूर फुफ्फुसांना वाईट.

दुहेरी पत्र्याच्या मध्ये पाणी शिरलं असेल तर पेटवल्यावर कडेच्या बोल्टांपाशी वाफ दिसेल आणि कमाडो तापायला नेहमीपेक्षा वेळ घेईल. दोन-तीन तास १२० अंशांवर रिकामा चालवून तो वाळवा आणि वरच्या बोल्टांखाली नवे वॉशर घाला. पाणी बहुधा तिथूनच जातं.

सिरॅमिक घ्यावा का, याचं उत्तर आता सोपं आहे. सिरॅमिक गंजत नाही, वाऱ्यात शांत राहतो, पण तुमच्या पत्र्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा असतो, आणि एकदा आपटला की तडकतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने, लिफ्टमधून ने-आण करणाऱ्याने पत्र्यालाच धरून राहावं. स्वतःचं घर, छप्पर असलेला ओटा आणि आठवड्याला पेटवायची हौस असेल तर पुढे सिरॅमिक जरूर घ्या, पण हा दुरुस्त करून वर्षभर वापरल्यावर.

टेरेसबद्दल दोन गोष्टी, या मी प्रत्येकाला सांगतो. तुमच्या टेरेसला सरकत्या काचा बसवल्या आहेत असं लिहिलंय. काचा बंद करून कमाडो पेटवायचा नाही, पाऊस असला तरी. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड होईपर्यंत कळत नाही, आणि तोवर उशीर झालेला असू शकतो. दुसरं, झडपा बंद करून विझत ठेवलेल्या कमाडोचं झाकण एकदम उघडू नका. आत हवेवाचून तापलेला वायू साचलेला असतो, हवा मिळताच त्याचा भडका तोंडावर येतो. आधी झाकण बोटभर उचला, पाच-सात सेकंद थांबा, मग पूर्ण उघडा.

राख लगेच कचऱ्यात टाकू नका. तिच्यात निखारा दिवसभराहूनही जास्त जिवंत राहतो. झाकणाच्या लोखंडी बादलीत दोन दिवस ठेवा, पाणी मारा, मग सुक्या कचऱ्यात वेगळी बांधून द्या आणि घ्यायला येणाऱ्या ताईंना ती राख आहे हे सांगा. कुंड्यांत ओतायचा मोह होतो, पण आपली काळी माती आधीच अल्कधर्मी, त्यात ही चरबीची राख. झाडं पिवळी पडतात.